मकासिदचं स्पेलिंग

शिवकन्येनं हा विषय मागून घेतला नव्हता. ग्रंथालयशास्त्रात पीएच.डी.ला नंबर लागला त्या दिवशी डॉ. आप्पासाहेब येरमवार सरांनी तिघांसमोर तीन विषय ठेवले. एक उसावरच्या संशोधनाचा आढावा, दुसरा आयुर्वेदाचा आणि तिसरा मकासिद-ए-शरियाचा, म्हणजे इस्लामी कायद्याच्या उद्दिष्टांवर जगभर जे संशोधन चाललंय त्याचा. पहिले दोन बाकीच्या दोघांनी पटकन उचलले. तिसरा उरला तो तिच्या वाट्याला आला.

"अवघड हाय," सर म्हणाले. "पण आपल्या भागात कुणी केला न्हाई. आणि तुला काही अरबी वाचायचं न्हाई. कोणत्या देशात किती लेख आले, कोणते शब्द वाढले, कोण कुणाचा दाखला देतं, एवढंच पाहायचं. जमंल तुला."

शिवकन्या कंधारजवळच्या एका खेड्यातली. वडील भुजंग सोयाबीन आणि हरभरा करायचे. पोरगी नांदेडला खोली घेऊन शिकते याचं गावाला कौतुक होतं, पण विषय कळला आणि कौतुकाचं हसू झालं. पारावर कुणीतरी म्हणालं, भुजंगाची पोरगी मुल्लाची पीएच.डी. करून राहिली. धर्माबादचं एक स्थळ बोलणीपर्यंत आलं होतं, त्यांनी विषयाचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि पुन्हा फोन केला नाही.

भुजंगांनी मात्र एका दुपारी बांधावर बसून तिला नीट विचारलं, "हे हाय तरी काय, बाई?"

"अण्णा, कायदा काय सांगतो ते एक. तो कशासाठी सांगतो ते दुसरं. त्यांचे जुने विद्वान म्हणाले, शरियत पाच गोष्टी राखण्यासाठी हाय. दीन म्हंजे धर्म, जान, अक्कल, पिढी आन् माल. आता जगभरातले लोक त्या पाचावर लिहून राहिले. बँकेवर लिहितात, दवाखान्यावर लिहितात, झाडापाण्यावर लिहितात. कोण कुठं काय लिहून राहिलं ते मी मोजते."

"म्हंजे पीकपाहणी," भुजंग म्हणाले. "कोणत्या शिवारात काय पेरलं ते नोंदायचं."

"हाव."

"मग बरंय की. पीकपाहणीवाल्याला नांगर धरता येत न्हाई म्हणून त्याला कोण हसतं?"

त्या एका वाक्यावर तिनं चार वर्षं काढली. एक हजार आठशे शेहेचाळीस लेख जमवले. प्रत्येकाचं साल, देश, लेखक, त्यातले मुख्य शब्द तक्त्यात भरले. मलेशिया आणि इंडोनेशियातल्या विद्यापीठांची नावं तिला लोहा, मुखेड, देगलूर म्हणावं तशी तोंडपाठ झाली. संगणकावर एक सॉफ्टवेअर होतं, ते त्या शब्दांचा नकाशा काढून द्यायचं. जो शब्द जास्त वेळा आला त्याचं वर्तुळ मोठं, जे दोन शब्द एकत्र येतात त्यांच्यामध्ये रेघ. पहिल्यांदा तो नकाशा पडद्यावर उमटला तेव्हा तिनं माय पंचफुलाबाईला व्हिडिओ कॉल करून तो दाखवला होता. "रांगोळीच काढली की गं," माय म्हणाली.

त्या नकाशात एका कोपऱ्यात एक वेगळा पुंजका होता. दोन हजार बारानंतर तो झपाट्यानं वाढला होता, सगळा इंडोनेशियातला, आणि मधल्या मोठ्या वर्तुळाशी त्याच्या रेघा अगदी थोड्या. शिवकन्येनं त्यावर पाचवं प्रकरण लिहिलं. जुन्या परंपरेपासून तुटून एक नवा प्रवाह निघाला आहे, असं त्यात मांडलं. सगळ्या प्रबंधात तिचं स्वतःचं म्हणावं असं ते एकच प्रकरण होतं. बाकी सगळी मोजदाद.

अशात सफूरा खतीब आली.

सफूरा लातूरची. तिथल्या एका कॉलेजात विधी शिकवायची आणि आता रजा घेऊन पीएच.डी.साठी नांदेडला आली होती. वयानं शिवकन्येपेक्षा पाच वर्षांनी मोठी. आजोबा अरबीचे जाणकार होते, त्यांच्याजवळ बसून ती लहानपणीच अरबी शिकली, पुढं हैदराबादला जाऊन पक्की केली. तिचा विषयही मकासिदच, पण ती मूळ ग्रंथ वाचून लिहिणार होती. तिचे मार्गदर्शक वेगळे होते, पण येरमवार सरांनी तिला आपल्या विभागात बसायला जागा दिली. शिवकन्येच्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, खिडकीकडची.

"मॅडम नको म्हणू," पहिल्याच दिवशी सफूरा म्हणाली. "आपा म्हण."

शिवकन्या हसली. पण तिच्या तोंडून आपा कधी निघालं नाही.

पहिला महिना बरा गेला. मग एक दिवस सर एक अरबी लेख घेऊन आले. शिवकन्येच्या यादीत तो चारशे बारा नंबरला होता. त्याचं साल, देश, पानं, दाखले सगळं तिनं नोंदलं होतं. सफूरानं तो हातात घेतला आणि उभ्या उभ्या वाचून अर्थ सांगायला लागली. सर खुर्ची ओढून बसले. अर्धा तास बसले. मध्ये एकदा सफूरा मान वर करून शिवकन्येला म्हणाली, "हा लई गोड लिहितो गं. तू वाचायला पायजे होतंस."

शिवकन्येनं मान हलवली आणि पडद्याकडे बघत राहिली. चार वर्षं तो लेख तिचा होता. त्यात काय लिहिलंय ते आज तिला दुसरीच बाई सांगत होती.

त्यानंतर तिला सगळंच दिसायला लागलं. सर तिला "ए शिवकन्या" म्हणत आणि सफूराला "सफूराबाई". चहा आला की पहिला कप खिडकीकडं जाई. शिवकन्या काही विचारायला गेली की सर म्हणत, "सफूराबाईंना दाखवलंस का?" पाहुणे आले की त्यांना आधी सफूराची ओळख. "ह्या मूळ अरबीतून वाचतात बरं का." मग आठवल्यासारखं, "आणि ही शिवकन्या, ही आकडेवारी पाहते."

आकडेवारी पाहते! ह्या विषयापायी गावात हसू झालं ते हिचं? मोडलेलं स्थळ हिचं? सफूराच्या घरात तर हा विषय चुलीशी, ओसरीवर वावरलेला. तिला तो जन्मतःच मिळाला होता, आणि वर लोक तिलाच मान देत होते. शिवकन्येला भाकरी गोड लागेना. सफूराच्या ओढणीला इस्त्री असते हेही तिच्या डोळ्यात खुपायला लागलं. आणि सगळ्यात वाईट हे की सफूरा वाईट नव्हती. ती डब्यातलं वाटून खायची, चार्जर द्यायची, तब्येत विचारायची. तिच्यावर रागवायला धड कारणही सापडत नव्हतं.

जानेवारीत एका सकाळी सफूरा शिवकन्येच्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली. पडद्यावर नकाशा होता.

"हा कोपऱ्यातला कोणता शब्द?"

"मकाशिद. इंडोनेशियातला प्रवाह. माझं पाचवं प्रकरण त्याच्यावरच हाय."

सफूरा वाकून बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "शिवकन्या, हा वेगळा शब्द न्हाई गं. मकासिदच हाय."

"स्पेलिंग वेगळं हाय ना पण. एस-एच."

"हाव. अरबीत ते अक्षर साद. सगळे लोक त्याला इंग्रजीत नुसता एस लिहितात. इंडोनेशियावाले साद दाखवायला एस-एच लिहितात, आन् आपल्या श साठी एस-वाय. वाचायचं मकासिदच. निजामाच्या कागदांत नांदेडला नांदेर लिहिलेलं असतं न्हाई का? म्हणून काय गोदावरीकाठी दोन गावं झाली?"

ती हसली. साधंच हसली. शिवकन्येला मात्र ते लागलं.

"पाहते," ती म्हणाली आणि पडदा बंद केला.

दुसऱ्या दिवशी सफूरा यायच्या आधी तिनं दोन्ही स्पेलिंगं एक करून नकाशा पुन्हा काढला. कोपऱ्यातला पुंजका सरकत सरकत मधल्या वर्तुळात जाऊन मिसळला. तुटलेला प्रवाह नव्हताच. सॉफ्टवेअरला अक्षर कळलं नव्हतं आणि तिलाही. चौऱ्याऐंशी पानांचं प्रकरण बसल्या जागी पाणी झालं.

दोन दिवस ती खोलीवरून हलली नाही. ताप आलाय असं सरांना कळवलं. तिसऱ्या दिवशी तिच्या मनात एक गोष्ट आली. प्रकरण गेलं, पण ही चूक मोठी गोष्ट होती. एका अक्षरामुळं संशोधनाचा एक खोटा कल उभा राहतो, आणि संगणकावर ही मोजदाद आणखी कुणी केली असेल तर तोही इथंच फसला असेल. लातूरला दहा दिवसांनी परिषद होती, धर्म आणि कायदा या विषयावर. तिचा कागद, म्हणजे शोधनिबंध, तिथं आधीच मंजूर होता. तिनं तोच मथळा ठेवून आतला मजकूर बदलला. चार दिवस राबून उदाहरणं काढली, आधीचा नकाशा आणि नंतरचा नकाशा शेजारी शेजारी लावले.

शेवटचं पान आभाराचं. सर, आई-वडील, विद्यापीठाचं ग्रंथालय, खोलीची मालकीण. मग तिनं सफूराचं नाव लिहिलं. त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. तिनं काय केलं? एक वाक्य बोलली. काम मी केलं. आणि हे नाव इथं आलं की सर म्हणणार, बघा, सफूराबाईंनी पकडलं. तिला सगळंच मिळतंय, एवढं एक मला राहू दे.

तिनं नाव पुसलं.

लातूरला जायच्या आधी सफूरानंच विषय काढला. "मुक्काम कुठं करतीस? आमच्या घरी चल. अम्मी कधीपासून म्हणून राहिली." नाही म्हणायला कारण सुचलं नाही. दोघी एकाच एस.टी.नं गेल्या. लोहा, अहमदपूर, चाकूर. सफूरानं तिच्या कागदाविषयी विचारलं तेव्हा शिवकन्या म्हणाली, "तोच जुना, थोडा बदलला."

परिषदेत शिवकन्येचा कागद दुपारी होता. ती बोलायला उभी राहिली, आधीचा नकाशा दाखवला, तो का चुकीचा ते सांगितलं आणि मग दुसरा नकाशा लावला. पुंजका मधे मिसळलेला दिसला तसा सभागृहात हुंकार उमटला. साद अक्षराविषयी तिनं सांगितलं. नांदेड-नांदेरचं उदाहरणही दिलं, लोक हसले. पाच प्रश्न आले, पाचांचीही तिनं उत्तरं दिली. येरमवार सर पहिल्या रांगेत ताठ बसले होते. सफूरा तिसऱ्या रांगेत. आभाराचं पान पडद्यावर आलं तेव्हा शिवकन्येनं तिकडं बघितलं नाही.

तिच्यानंतर सफूराचा कागद. बायकांनी केलेल्या वक्फांवर, म्हणजे धर्मादाय दानांवर, तिनं जुन्या ग्रंथांतून काम केलं होतं, आणि ते फार चांगलं होतं. शिवकन्येलाही ते कळत होतं. पण प्रश्न सुरू झाले तेव्हा पहिल्यानं तलाकचं विचारलं. दुसऱ्यानं विचारलं, तुम्ही स्वतः बुरखा का घालत नाही. तिसऱ्यानं विचारलं, तुमच्या समाजात मुलींना शिकू देतात का. सात प्रश्न झाले. सफूरा शांतपणे उत्तरं देत होती, पण तिच्या कागदाबद्दल कुणी विचारलं नाही. आणि खाली बसलेल्या शिवकन्येला त्या वेळी बरं वाटलं. पोटात थंड पडावं तसं बरं वाटलं.

संध्याकाळी निकाल लागला. उत्कृष्ट कागद शिवकन्येचा. परिषदेच्या प्रमुख लुंबिनी मॅडमनी तिच्या हातात काचेचं सन्मानचिन्ह दिलं. सर म्हणाले, "आज तू माझं नाव काढलंस." चार वर्षांत हे वाक्य ऐकायला ती तरसली होती. सफूरानं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

सफूराचं घर गंजगोलाईजवळच्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर. तिची अम्मी दारातच उभी होती. "आजा मां, आजा. हर फोन पे शिवकन्याच शिवकन्या. बोलती, अम्मी, उसने अकेली ने पूरी दुनिया गिन डाली." तिनं सन्मानचिन्ह हातात घेतलं, पदरानं पुसलं आणि म्हणाली, "आज गुरुवार है ना तेरा? सफूरा ने बोला, तू गोश्त नहीं खाती. बगारा चावल और खट्टे बैंगन बनाए."

शिवकन्येला खाली बघावं लागलं.

अम्मी नमाजला आत गेली. सफूरानं दार लोटलं आणि समोर बसली.

"एक विचारू?"

"विचारा."

"त्या शेवटच्या पानावर तुझ्या खोलीच्या मालकिणीचं नाव होतं. माझं कामून न्हवतं?"

"राहून गेलं."

"राहून न्हाई गेलं. अठराशे लेखांतलं एक नाव तू चुकू देत न्हाईस. माझंच तेवढं राहून गेलं व्हय? नांदेरचं उदाहरणसुद्धा माझंच."

शिवकन्या गप्प बसली असती तर कदाचित तिथंच मिटलं असतं. पण इतक्या महिन्यांचं साचलेलं वर आलं.

"तुम्हाला काय कमी हाय? सर तुम्हाला विचारून पाणी पितात. तुम्ही एक पान वाचलं की सगळे माना डोलावतात. मी चार वर्षं डोळे फोडले, तरी मी आकडेवारीवाली. ह्या विषयापायी माझं लग्न मोडलं. तुम्हाला तो घरात आयता मिळाला. एक गोष्ट माझ्या नावावर झाली तर तुमचं काय गेलं?"

सफूराचा चेहरा बदलला. आवाज मात्र चढला नाही, आत अम्मी होती.

"आयता? आज तुला पाच प्रश्न आले. पाचही तुझ्या कामाचे. मला सात आले. त्यातला एक तरी माझ्या कागदावरचा होता? तू उभी राहतीस तेव्हा तू संशोधक असतीस. मी उभी राहिले की मी साऱ्या कौमेची वकील. वीस वर्षं हे चाललंय. तुझा मला लई हेवा वाटतो, माहीत हाय? तुला कुणी विचारत न्हाई की तू कोण. पण म्हणून मी तुझं काही उचललं न्हाई."

शिवकन्येनं पिशवी जवळ ओढली.

"पाच गोष्टी मोजतीस ना तू? दीन, जान, अक्कल, नस्ल, माल. काही आलिम सहावी धरतात. आबरू. माणसाची इज्जत राखणं. ती तुझ्या तक्त्यात असंल कुठंतरी, बघ."

"मी जाते," शिवकन्या उठली.

"जायचं न्हाई. अम्मीनं सकाळपासून राबून केलंय. जेव, झोप, सकाळी जा. आन् तिला काही कळू देऊ नको."

तिघी जेवायला बसल्या. अम्मी आग्रह करकरून वाढत होती. शिवकन्या वाढलेलं सगळं खात होती. सफूरानं एकदाच तिच्याकडं बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

सकाळच्या गाडीनं ती लोह्याला उतरली आणि नांदेडला न जाता गावी गेली. पंचफुलाबाईनं पिशवीतून सन्मानचिन्ह काढलं, टी.व्ही.शेजारी ठेवलं आणि शेजारणीला हाक मारायला निघाली.

"माय, थांब. बोलावू नको कुणाला."

"कामून?"

शिवकन्येनं सगळं सांगितलं. मायला अरबी अक्षरातलं काही कळलं नाही, पण बाकीचं सगळं कळलं. 

"जळाली व्हय तू तिच्यावर?"

"हाव."

"मीबी तुझ्या काकूवर लई वर्षं जळले. तिला लेक आधी झाला म्हणून. त्याच्या बारशाला मी डोकं दुखतंय म्हणून निजून राहिले. अजून ते तोंड वर करून सांगता येत न्हाई." पंचफुलाबाईनं सन्मानचिन्ह उचललं, पुन्हा पिशवीत घातलं आणि पिशवी दाराशी नेऊन ठेवली. "हे आपलं न्हाई. देऊन ये."

सोमवारी ती सरांच्या खोलीत गेली. दार लावलं आणि उभ्यानंच सांगितलं. सर ऐकत राहिले. त्यांनी चष्मा काढला.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले, "हे तुला कसं सुचलं म्हणून."

गुन्हा कबूल करतानाही ते वाक्य तिला डसलं. सफूराचंच बरं असं तिथंही तिच्या मनात येऊन गेलं. पण सर खरंच बोलत होते. त्यांनी मग भरपूर सुनावलं, आणि शेवटी विचारलं, "सफूराबाईंनी तक्रार केली काय?"

"न्हाई. मीच सांगून राहिले."

"मग लातूरलाही तूच सांग. मी फोन करणार न्हाई."

ती पुन्हा लातूरला गेली. लुंबिनी मॅडमनी तिचं कबुलीचं पत्र वाचलं. सन्मानचिन्ह कपाटात ठेवलं. कागद छापण्यातून काढला आणि बक्षीस उदगीरच्या वीरेश नावाच्या प्राध्यापकाला गेलं. त्याचा फोन आला तेव्हा तो बिचारा अवघडून म्हणाला, "मॅडम, मला काय बोलावं तेच सुधरंना." बातमी नांदेडलाही पोचली. विभागात लोक तिच्याशी जपून बोलायला लागले. काही जण संगणकावरच्या फायली तिच्यासमोर बंद करायचे, ते तिला दिसायचं.

सफूरा आठ दिवसांनी लातूरहून परत आली. शिवकन्या तिच्या खुर्चीजवळ गेली.

"माझं चुकलं. राहून गेलं न्हवतं. मी पुसलं होतं तुमचं नाव."

"मला माहीत हाय," सफूरा म्हणाली. "लुंबिनी मॅडमनी सांगितलं, तू गेली होतीस म्हणून." मग तिनं विचारलं, "पाचव्या प्रकरणाचं काय करतीस आता?"

"नव्यानं लिहायचं. पण अजून किती शब्द असे फसले असतील ते मला कळणार न्हाई. तुम्ही यादी करून दिली तर तुमचं नाव आधी टाकीन. न्हाई दिली तरी मला बोलायला तोंड न्हाई."

सफूरा आपल्या पुस्तकाकडं वळली. दुसऱ्या दिवशी टेबलावर एक वहीचं पान ठेवलेलं होतं. त्यावर सतरा शब्द, प्रत्येकाचं अरबी रूप आणि पुढं कोणत्या देशात तो कसा लिहितात ते. मस्लहत म्हणजे लोकहित, त्या एका शब्दाचीच चार स्पेलिंगं होती.

काम आठ महिने चाललं. दोघी समोरासमोर बसायच्या, पण पहिल्यासारखं काही राहिलं नव्हतं. डबा सफूरा आता वाटायची नाही. कामापुरतं बोलायची. "हा शरह न्हाई, शरह म्हंजे भाष्य. हा शरिया. वेगळा ठेव." "हा माणसाचं नाव हाय, शब्द न्हाई." शिवकन्या वहीत लिहून घ्यायची. सगळी स्पेलिंगं जोडल्यावर जो नकाशा आला तो पहिल्या दोन्हींपेक्षा वेगळाच होता. मालाचं, म्हणजे बँक आणि व्यापाराचं, वर्तुळ एवढं मोठं की बाकीची चारही त्याच्या सावलीत गेली होती. शिवकन्येच्या त्या संग्रहात अकलेच्या रक्षणावर सगळ्यात कमी लेख निघाले.

"अक्कल सगळ्यात कमी," शिवकन्या म्हणाली.

सफूरानं पडद्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि खूप दिवसांनी तिला हसू फुटलं. शिवकन्याही हसली. ते तेवढंच.

प्रबंध वर्षभर उशिरा गेला, पण मान्य झाला. दोघींचा लेखही छापून आला. पहिलं नाव खतीब, दुसरं शिवकन्येचं. छापील अंक हातात आला तेव्हा तिचा डोळा आधी त्या क्रमावरच गेला आणि आत कुठंतरी टोचलं. आपणच कबूल केलं होतं हे माहीत असूनही टोचलं.

त्याच लेखावरून सफूराला क्वालालंपूरच्या एका परिषदेचं बोलावणं आलं. बोलावणं एकाच लेखकाला होतं, पहिल्या. सरांनी पेढे मागवले. शिवकन्येनं पेढा घेतला, अभिनंदन केलं आणि पुस्तकं जमा करायचीत असं सांगून खालच्या मजल्यावर गेली. संदर्भ विभागात कपाटांच्या मधे ती बराच वेळ उभी राहिली. त्या शहराचं नाव तिनं तक्त्यात किती वेळा भरलं असेल. तिथल्या विभागांची नावं, कोण कधी कुठं गेलं, कुणी लिहिणं सोडलं, सगळं तिला पाठ. आणि जाणार दुसरीच.

मग ती वर आली. सफूरा पासपोर्टचे कागद चाळत होती.

"तिथं कुणाला भेटायचं ते ठरवलं का?" शिवकन्येनं विचारलं.

"मला कोण माहीत? मी तर मेलेल्यांनाच वाचते," सफूरा म्हणाली.

शिवकन्येनं कागद ओढला आणि लिहायला बसली. कोण कुठं काम करतो, अलीकडं कशाकडं वळलाय, कुणाला कशाबद्दल विचारायचं. भराभर अकरा नावं झाली. बारावं नाव एका बाईचं होतं. वयस्क संशोधक, त्यांनी पहिल्यांदा या विषयावरचे लेख मोजायला सुरुवात केली होती, हातानं, वहीत. शिवकन्येनं त्यांचं नाव कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. कधीतरी आपणच त्यांना पत्र लिहू, असं तिनं ठरवून ठेवलं होतं. पेन कागदावर टेकलेलाच राहिला.

"झालं?" सफूरानं विचारलं.

"एक राहिलं," शिवकन्या म्हणाली, आणि तिनं ते नाव लिहिलं. पुढं पत्ता लिहिला. त्याच्याखाली लिहिलं, यांना आधी भेटा.

सफूरानं कागद वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला. "ह्या बाईंना तुझ्याबद्दल काय सांगू?"

 शिवकन्येला अजूनही जळायला होत होतं, आणि ते लपवायचा तिला कंटाळा आला होता.

"सांगा, नांदेडला एकजण हाय. तिलाही तुम्हाला भेटायला यायचं होतं."

सफूरानं तिच्याकडं बघितलं आणि शेजारची खुर्ची पायानं पुढं सरकवली. "बैस," ती म्हणाली. "त्यांना काय काय विचारायचं ते तूच सांग. मी लिहून घेते."

शिवकन्या बसली आणि सांगायला लागली.